दोन हजार ओळी, दहा पावसाळे

रिग्रेशन आता कुणालाही करता येतं. संगणकावर एक्सेल असलं तरी पुरतं. पावसाचा अंदाज, पिकाचं उत्पादन, घरांच्या किमती, औषधाचा परिणाम, शाळेचा निकाल : एका आकड्याचा बाकीच्या आकड्यांशी संबंध लावायचा असला की ते हाताशी असतं, आणि त्याच्या आधारावर पैसा वाटला जातो, धोरणं ठरतात. पण रिग्रेशन चालवता येणं वेगळं आणि त्याचा अर्थ जबाबदारीने सांगता येणं वेगळं. हे अंतर दोन्ही बाजूंनी दिसावं म्हणून हा संवाद लिहिला आहे. मावशी कृषी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आहेत. भाचा पीक उत्पादनाचे अंदाज काढणाऱ्या एका संस्थेत नोकरी करतो. खरिपाचा अहवाल पाठवण्याआधी त्याने तो मावशींना वाचायला दिला आहे.

भाचा : वाचलास, मावशी? विदर्भ आणि मराठवाड्यातले जवळजवळ दोनशे तालुके, दहा वर्षं, सोयाबीनचं हेक्टरी उत्पादन. पाऊस, पावसातले खंड, तापमान, जमिनीची खोली, खत, सिंचन, उपग्रहातून दिसणारी पिकाची हिरवाई, असे सोळा घटक घेतलेत. वीस टक्के नोंदी आधीच बाजूला काढल्या होत्या. त्यांच्यावरही मॉडेल छान बसलं.

मावशी : वाचला. मेहनत दिसते. पण ‘सोळा’ वाचून मी थांबले. शिवाजीनगरच्या त्या चौकाला शिमला ऑफिस का म्हणतात, ठाऊक आहे ना तुला?

भाचा : हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून.

मावशी : त्या खात्याचे प्रमुख होते गिल्बर्ट वॉकर, १९०४ ते १९२४. मूळचे गणितज्ञ. मॉन्सूनचा अंदाज बांधायला त्यांनी जगभरच्या ठिकाणांचा हवेचा दाब, तापमान, पाऊस यांच्या नोंदी घेतल्या आणि आपल्या पावसाशी त्यांचा संबंध शोधायला लागले. सगळी आकडेमोड कारकुनांनी हाताने केली. त्यातूनच सदर्न ऑसिलेशन, म्हणजे प्रशांत महासागराच्या दोन बाजूंच्या हवेच्या दाबाचा हेलकावा, सापडलं. आजही एल निनोचा विचार त्याशिवाय होत नाही. म्हणजे अशा शोधाला मी कमी लेखते असं समजू नकोस. पण त्याच वॉकरांनी १९१४ मध्ये सावध केलं होतं की शेकडो संबंध तपासून त्यांतला सर्वांत ठळक तेवढा उचललात, तर त्याला एकट्याने तपासलेल्या संबंधाची कसोटी लावता येणार नाही. कसोटी कितीतरी कडक करावी लागेल.

भाचा : म्हणजे शंभर निरर्थक घटक तपासले, तर त्यांतले पाचेक पाच टक्क्यांच्या पातळीवर ‘सिग्निफिकंट’ निघणारच.

मावशी : निघणारच. आता सोळाचा हिशोब कर. तीस वर्षांचा पाऊस घे. त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेले सोळा रकाने फासे टाकून भर आणि रिग्रेशन चालव. आर-स्क्वेअर सरासरीने किती येईल?

भाचा : सोळा भागिले एकोणतीस. पंचावन्न टक्के.

मावशी : नुसत्या फाशांनी पावसाच्या चढउताराचा अर्ध्याहून अधिक भाग ‘समजावून’ दिला. रिग्रेशन ‘मला सांगता येत नाही’ असं कधीच म्हणत नाही. रकाने दिले की ते उत्तर देतं. ‘सांगता येत नाही’ हे ते चालवणाऱ्याला म्हणावं लागतं. मला तुझ्याशी बोलायचंय ते एवढंच.

भाचा : पण सोळा घटकांचं मॉडेल या देशाने वापरलंय, मावशी. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. १९८८ पासून हवामान खात्याचा मॉन्सूनचा अंदाज त्याच्यावरच निघायचा. त्यातला प्रत्येक घटक हवामानशास्त्राच्या कारणाने निवडलेला होता, फासे टाकून नाही. आणि पुढची चौदा वर्षं अंदाज खरा ठरत गेला.

मावशी : गोवारीकरांबद्दल मला आदर आहे. वर्षानुवर्षं उघडपणे आकडा सांगायचा आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत साऱ्या देशाने तो पडताळायचा, याला धैर्य लागतं. पण ती चौदा वर्षं बघ. १९८७ च्या दुष्काळानंतर २००१ पर्यंत देशपातळीवर एकदाही दुष्काळ पडला नाही. त्या काळात कुणी दरवर्षी डोळे मिटून ‘पाऊस सर्वसाधारण’ म्हटलं असतं, तरी त्याचाही अंदाज जवळजवळ तितकाच खरा ठरला असता. देशाच्या पावसाचं प्रमाणित विचलन सरासरीच्या साधारण दहा टक्के आहे. म्हणजे काहीही न करता, नुसती सरासरी सांगून चूक साधारण तेवढीच होते. मॉडेलची किंमत त्यापेक्षा किती कमी चुकतं यावर ठरायला हवी. खरी परीक्षा २००२ मध्ये झाली. अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता आणि पाऊस पडला सरासरीच्या ८१ टक्के. जुलैमध्ये तर तो सरासरीच्या जवळजवळ निम्माच झाला.

भाचा : आणि त्यानंतर काय झालं तेही सांग ना. २००३ मध्ये खात्याने आठ आणि दहा घटकांची नवी मॉडेल आणली. २००७ मध्ये घटक आणखी कमी केले आणि अनेक मॉडेलांचा मेळ घालायला सुरुवात केली. २०१२ मध्ये मॉन्सून मिशन सुरू झालं आणि वातावरणाच्या भौतिकशास्त्रावर चालणारी मॉडेल पुढे आली. अंदाज उघडपणे चुकला म्हणून हे सगळं घडलं. २००२ च्या भीतीने कुणी आकडा द्यायचंच थांबवलं असतं, तर आज आपण कुठे असतो?

मावशी : हे मला मान्य आहे. नव्या मॉडेलांनाही २००९ च्या दुष्काळाची तीव्रता आधी दिसली नाही. तरी दरवर्षी चूक किती झाली ते सगळ्यांना दिसत होतं, म्हणून सुधारणा होत गेली. आता तुझ्या अहवालाकडे येऊ. बाजूला काढलेल्या वीस टक्के नोंदी निवडल्यास कशा?

भाचा : रँडम. सॉफ्टवेअरनेच निवडल्या.

मावशी : म्हणजे एखाद्या वर्षी परभणी तालुका शिकायला आणि शेजारचा जिंतूर परीक्षेला. दोघांवर मॉन्सून तोच, जुलैमधला खंड तोच, काढणीच्या वेळचा अवकाळी पाऊसही तोच. मॉडेलने ते वर्ष परभणीत आधीच पाहिलेलं होतं. जिंतूरचं उत्तर बरोबर आलं यात मग नवल काय?

भाचा : पण नोंदी दोन हजार आहेत, मावशी.

मावशी : ओळी दोन हजार आहेत, पावसाळे दहाच आहेत. हवामानाविषयी तुझ्याकडे माहिती दहा हंगामांची आहे. एका हंगामातले दोनशे तालुके एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, आणि सॉफ्टवेअरला तू हे सांगितलेलं नाहीस. त्याने दोन हजार स्वतंत्र साक्षी धरून स्टँडर्ड एरर काढली. म्हणून ती इतकी बारीक आली आणि तक्त्यात प्रत्येक घटकापुढे तीन-तीन तारे लागले. एरर वर्षावर गट करून काढ. आणि गट दहाच असल्यामुळे तिच्यावरही फार विसंबू नकोस.

भाचा : आणि परीक्षा?

मावशी : अख्खं वर्ष झाकायचं. नऊ वर्षांवर शिकवायचं आणि झाकलेल्या वर्षाचा अंदाज काढायचा. असं दहाही वर्षांसाठी करायचं. पुढच्या खरिपात तुला एकही तालुका आधी दिसणार नाही, तेव्हा परीक्षाही तशीच हवी. आणि प्रत्येक वेळी अंदाजाची चूक त्या तालुक्याच्या आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीच्या चुकीशेजारी मांड.

भाचा : आर-स्क्वेअर घसरेल.

मावशी : बहुतेक घसरेल. घसरून जो उरेल तो मात्र तुझा असेल.

भाचा : बरं, ते करतो. अंदाजाच्या बाबतीत तू म्हणतेस ते पटतं. पण अहवालाच्या दुसऱ्या भागाचं काय? तिथे मी प्रत्येक घटकाचा परिणाम किती, ते लिहिलंय. ते तर मॉडेलनेच सांगितलंय.

मावशी : त्याच भागाने मला रात्री झोप लागू दिली नाही. तू लिहिलंस, खत हेक्टरी इतकं वाढवलं तर उत्पादन इतकं वाढेल. खत जास्त कोण घालतं? ज्याची जमीन भारी आहे, ज्याच्याकडे विहीर आहे, ज्याला वेळेवर पीककर्ज मिळालं तो. शिवाय सुरुवातीचा पाऊस चांगला झाला की शेतकऱ्याला खतावर खर्च करायला हुरूप येतो. तुझ्या खताच्या सहगुणकात जमीन आहे, पाणी आहे, कर्ज आहे आणि शेतकऱ्याने बांधलेला अंदाजही आहे. त्यातलं निव्वळ खत किती, ते या तक्त्यातून कळत नाही.

भाचा : जमीन आणि सिंचन मी मॉडेलमध्ये घेतलेत की!

मावशी : तालुक्याची सरासरी खोली आणि तालुक्याचं सिंचनक्षेत्र घेतलंस. जे नीट मोजलेलं नाही, त्याचा परिणाम शेजारच्या घटकाच्या नावावर जमा होतो. आणि उलटं टोकही बघ. तू लिहिलंस की पावसातल्या खंडांचा परिणाम नगण्य आहे. लातूरच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे वाचून दाखव.

भाचा : तो हसेल, माहीत आहे. पण सहगुणक खरंच शून्याजवळ आला.

मावशी : येणारच, कारण त्याच समीकरणात तू उपग्रहातली हिरवाई घातलीस. खंड पडला की पीक सुकतं, पीक सुकलं की हिरवाई कमी दिसते. खंडाचा परिणाम हिरवाईच्या वाटेनेच उत्पादनापर्यंत पोहोचतो. ती वाट तू समीकरणात स्थिर धरलीस आणि मग विचारलंस, खंडाने काय केलं? अंदाज बांधायला हिरवाई उत्तम आहे, ती अवश्य घे. पण कारण शोधताना तिला त्याच समीकरणात बसवू नकोस. एका मॉडेलकडून तू दोन कामं करून घेतोस, आणि त्या दोन कामांना लागणारे घटक वेगळे आहेत.

भाचा : नवीन घटक टाकताना हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. जास्त घटक म्हणजे जास्त काटेकोरपणा, असंच आम्ही धरतो.

मावशी : पुष्कळजण धरतात. समाजशास्त्रीय प्रश्नाला अनेक घटकांचं रिग्रेशन लावण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक उडनी यूल यांचा. १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या गरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीवर त्यांनी निबंध लिहिला. मदत देण्याच्या धोरणामुळे मदत घेणाऱ्यांची संख्या किती बदलली, ते त्यांनी मांडलं. आणि एका तळटीपेत लिहून ठेवलं की काटेकोरपणे बोलायचं तर ‘यामुळे’च्या जागी ‘याच्याशी संबंधित’ असं वाचावं. सव्वाशे वर्षं झाली. निष्कर्ष मोठ्या अक्षरात आणि ही अट तळटीपेत, अशीच आपली सवय आहे. तुझ्या अहवालात तर ती तळटीपही नाही.

भाचा : मग कारणांबद्दल काही बोलायचंच नाही का? सरकार विचारतं, योजनेने फरक पडला का? प्रत्येक गोष्टीचा प्रयोग करता येत नाही.

मावशी : खताचा करता येतो, आणि झालेलाही आहे. कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर वाफ्यांना कुठली मात्रा द्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवतात, त्यामुळे भारी जमीन आणि जास्त खत यांची जोडी फुटते. आपल्याकडे या पद्धती पानसे आणि सुखात्मे यांच्या पुस्तकावरून पिढ्यानपिढ्या शिकवल्या गेल्या. १९५४ चं पुस्तक. पां. वा. सुखात्मे आपल्या साताऱ्याकडच्या बुधचे. तेव्हा खताचा परिणाम त्या प्रयोगांतून घे आणि तुझं मॉडेल अंदाजासाठी ठेव. योजनेचं मात्र अवघड आहे. पाणी अडवून जिरवण्याचं जलयुक्त शिवार घे. डिसेंबर २०१४ मध्ये योजना सुरू झाली. २०१५ ला दुष्काळ पडला आणि २०१६ ला मराठवाड्यात भरपूर पाऊस झाला. कुणी २०१५ च्या विहिरींची पातळी २०१६ च्या पातळीशी ताडून बघितली, तर पावसाचं श्रेय कोणाला जाईल?

भाचा : योजनेला. म्हणून पाऊस मॉडेलमध्ये घ्यायला हवा, आणि योजना नसलेली शेजारची गावंही.

मावशी : आणि गावं निवडली कशी गेली, तेही. टंचाई असलेली गावं आधी घेतली असतील, तर त्यांचं सर्वांत वाईट वर्ष पाहून ती निवडली गेली. त्यानंतरचं वर्ष, काहीही केलं नाही तरी, बहुतेक बरं जाणार. योजनेने फायदा झाला नाही, असं मी म्हणत नाही. या मोजमापातून ते ठरत नाही, एवढंच. त्याच गावांची पुढची-मागची बरीच वर्षं, तितकाच पाऊस पडलेली योजना नसलेली गावं, असं बांधत गेलास तर निष्कर्षाला बळ येईल.

भाचा : आणखी एक विचारतो. आमच्याकडे विचारणा येते की या मॉडेलवरून कुठल्या शेतकऱ्याचं नुकसान होईल ते सांगा.

मावशी : तालुक्याच्या आकड्यांवरून शेतकऱ्याबद्दल सांगू नकोस. १९५० मध्ये रॉबिन्सन यांनी अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवर हे दाखवलं. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी होती. पण माणूस माणूस घेऊन पाहिलं, तर परदेशात जन्मलेल्यांमध्ये निरक्षरता थोडी जास्तच होती. ते लोक जिथे साक्षरता आणि कामधंदा जास्त, तिथे जाऊन राहिले होते. आपल्याकडे पीकविम्यात हे दरवर्षी घडतं. भरपाई मुख्यतः ठरते महसूल मंडळाच्या सरासरीवर, आणि ज्याचं एकट्याचंच पीक गेलं, त्याचं दुःख त्या सरासरीत दिसत नाही.

भाचा : मावशी, तुझं सगळं खरं. पण माझी बाजूही ऐक. जुलैत कंपनीला बियाणं कुठे पाठवायचं ते ठरवायचं असतं. तेल किती आयात करायचं, ते सरकारला ठरवायचं असतं. माल आता विकायचा की ठेवायचा, ते शेतकऱ्याला ठरवायचं असतं. मी आकडा दिला नाही तर कुणीतरी देणारच. बाजारातली अफवा देईल, ज्याचा सौदा अडकलाय तो देईल. त्यांच्याकडे स्टँडर्ड एररही नसेल आणि चूक झाली तर विचारणारंही कुणी नसेल. गप्प बसणं ही काही जबाबदारी नव्हे.

मावशी : हे तू बरोबर बोललास. मी वर्गात शिकवायचे, तेव्हा न बोलण्याची किंमत कधी मोजावी लागली नाही. तेव्हा आकडा दे. पण एकटा आकडा देऊ नकोस. किती ते किती, हा पट्टा दे.

भाचा : पट्टा दिला तर लोक त्याचं वरचं टोक धरतात.

मावशी : आणि एकटा आकडा दिलास तर त्यालाच वचन समजतात. मी फक्त पट्टा छापेन.

भाचा : मी दोन्ही छापेन. मधला आकडा आणि पट्टा, एकाच आकाराच्या अक्षरात, एकाच ओळीत. यावर आपलं एकमत होणार नाही.

मावशी : नको होऊ दे. दोन्ही छाप. पण ही सगळी पथ्यं माझ्या सांगण्यावरून पाळू नकोस, स्वतः करून बघ. आधी संगणकावर खोट्या नोंदी बनव. खताचा खरा परिणाम तूच ठरव, शून्य ठेव हवं तर. मग भारी जमीनवाल्यांना जास्त खत दे, जमिनीचा रकाना झाक आणि रिग्रेशन चालव. शून्य परिणामाला ते किती मोठा आकडा देतं, ते डोळ्यांनी बघ. नंतर तुझ्या खऱ्या नोंदींत वर्षांची अदलाबदल कर, म्हणजे एका वर्षाचं हवामान दुसऱ्या वर्षाच्या उत्पादनाला लाव. तरीही मॉडेल ‘छान’ बसलं, तर ते काय शिकलं होतं ते कळेल. आणि प्रत्येक घटकाचा आलेख काढ. सोयाबीनला कमी पाऊस मारतो आणि जास्त पाऊसही मारतो. त्यातून सरळ रेषा काढलीस, तर ती आडवी येईल आणि तू लिहिशील की पावसाचा संबंधच नाही. १९७३ मध्ये अँस्कोम यांनी अकरा-अकरा बिंदूंचे चार संच दिले. चौघांची सरासरी, रेषा, सहसंबंध जवळजवळ तेच, पण आलेख काढले की चारही निराळे. तक्ता तुला हे कधीच सांगणार नाही.

भाचा : मग अहवालाचं पहिलं पान मी असं करतो. प्रश्न कुठला : अंदाज, कारण नव्हे. परीक्षा कशी घेतली : अख्खी वर्षं झाकून. पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा चूक किती कमी. खताचं वाक्य काढतो, खंडांचं काढतो, आणि शेतकरीनिहाय अंदाज या मॉडेलमधून देता येत नाही, हे स्पष्ट लिहितो.

मावशी : आणखी एक लिही, निकाल बघायच्या आधी. काय दिसलं तर हे मॉडेल तू सोडून देशील?

भाचा : झाकलेल्या दहा वर्षांवर ते सरासरीपेक्षा सरस ठरलं नाही, तर.

मावशी : आणि ठरलं, पण पुढचे दोन खरीप सरासरीच सरस निघाली, तर?

भाचा : तर तिसऱ्या खरिपाला आम्ही सरासरी छापू, आणि का छापली तेही लिहू. हे पहिल्या पानावर तारखेसह टाकतो. वरिष्ठांना मीच सांगेन.

मावशी : मग चालव परीक्षा. निकाल कुठलाही आला तरी कळव.